चौदा आण्यांची मोहर

श्रीरंगकाकांनी आयुष्यात एकाही नाण्याला सोळा आणे दिले नाहीत. "सोळा आणे फक्त टांकसाळीतल्या माणसाला दिसतात, आणि तेही नाणं साच्यातून सुटून पेटीत पडेपर्यंत. पेटीत पडलं की शेजारचं नाणं त्याला लागतं, मग संपलं," असं ते म्हणायचे. पंधरा आणे त्यांनी सगळे मिळून तीनदा दिले. चौदा द्यायचे असले तरी नाणं दोन दिवस घरी ठेवून घेत. आमच्या घरातल्या सोन्याच्या मोहरेला त्यांनी चौदा आणे दिले होते, १९७९ साली, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, माझ्या सासऱ्यांच्या समोर बसून.

काका सासऱ्यांचे शेजारी. एकाच जिन्यावर समोरासमोर दारं. १९५७ साली ते साताऱ्याहून दिल्लीला आले, सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून. त्याच वर्षी नवे पैसे आले आणि लोक आणे, चवल्या, पावल्या खपवून टाकायच्या मागे लागले. काकांनी ते जपून ठेवायला सुरुवात केली. छापलेल्या पानात उलटा पडलेला स्वल्पविराम ज्याला दारातून दिसतो, त्याला राणीच्या मुकुटावरचा झिजलेला मणी दिसणारच. हळूहळू लोक आपली नाणी त्यांना दाखवायला आणू लागले. व्यवहारातून आणे गेले, पण काकांनी ते नाण्यांना मार्क द्यायला ठेवून घेतले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी हात साबणाने धुवायचे. मग नाणं कडेने धरायचं, टेबलाच्या दिव्याखाली तिरकं करायचं, आणि भिंगातून दोन्ही बाजू पाहायच्या. बघताना काका श्वास रोखत. त्यानंतर जाड पांढऱ्या कागदाचं, स्वतः कापून डिंकाने चिकटवलेलं छोटं पाकीट घ्यायचं आणि त्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या: नाणं कुठलं, आणि किती आणे. पेन्सिलीनेच, कारण शाई सोन्यापर्यंत पोचते असं त्यांचं मत होतं. या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा लागायचा.

श्रीरंगकाकांचं पाकीट म्हटलं की दिल्लीतल्या मराठी घरांत कोणी पुढे विचारत नसे. पहाडगंजपासून आर. के. पुरमपर्यंत कितीतरी कपाटांत ती पाकिटं होती. दर्यागंजचे हरिदास, जे नाण्यांची खरेदीविक्री करतात, तेसुद्धा पाकिटावरची पेन्सिल वाचून भाव सांगायचे, नाणं नंतर बघायचे.

१९९३ मध्ये काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं आणि ते यमुनेपलीकडे, यूपीच्या हद्दीत, वैशालीला गेले. तेव्हा तिथे अर्धवट इमारती, चिखल आणि गाढवं होती. आता मॉल आहे, आणि मॉलच्या बाहेर गाढवं. आम्ही दिल्लीतच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, राहिलो, कारण शशिकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची नोकरी मंत्रालयातली.

या सगळ्यात एक गोंधळ झाला. तो २००७ सालचा.

माझी मुलगी देविका तेव्हा गुडगावला एका कॉल सेंटरमध्ये होती. रात्री नऊला गाडी न्यायला यायची, पहाटे सोडायची. गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय माझा डोळा लागत नसे. तिला अहमदाबादला डिझाइनचं शिकायचं होतं आणि मला तिची ती रात्रीची गाडी बंद व्हायला हवी होती. सासरे जाताना सांगून गेले होते, "ती मोहर देविकाच्या शिक्षणाची." १९१८ ची, मुंबईच्या टांकसाळीतली, पंधरा रुपयांची मोहर. मधे मुकुट घातलेला राजा, मागे वेलबुट्टी. माझ्या डोळ्यांसमोर ती मोहर आणि अहमदाबादचं वसतिगृह एकदमच यायचं.

एप्रिलमध्ये मंडी हाउसजवळ नाण्यांचं प्रदर्शन भरलं. मी, देविका आणि श्रीरंगकाका असे तिघे गेलो. हरिदासांच्या टेबलावर काचेखाली दोन मोहरा शेजारी शेजारी होत्या. अगदी आमच्यासारख्याच. एक साध्या कागदी चौकटीत, दुसरी प्लॅस्टिकच्या जाड, पारदर्शक, चारी बाजूंनी बंद केलेल्या डबीत. डबीवर पट्टी, पट्टीवर इंग्रजी अक्षरं, आकडा आणि बारकोड. डबीतलीची किंमत कागदातलीच्या जवळजवळ दुप्पट.

"हरिदासजी, दोनों में सोना अलग है क्या?" मी विचारलं.

"बहनजी, सोना तो तोले-माशे में एक बराबर," ते हसून म्हणाले. "ये डिब्बा अमरीका से बंद होकर आया है. वहाँ कंपनी के तीन आदमी देखते हैं, असली-नकली जाँचते हैं, सत्तर में से नंबर देते हैं और सील कर देते हैं. इसे स्लॅब बोलते हैं. आजकल नकली मोहरें इतनी आ गई हैं कि आदमी सोना नहीं, भरोसा ख़रीदता है."

देविकाचे डोळे चमकले. तिने कागदावर आकडे लिहायला सुरुवात केली. बासष्टला एवढे, त्रेसष्टला थोडे जास्त, चौसष्टला एकदम उडी. "आई, यार, बघ ना, त्रेसष्टपर्यंत पायऱ्या आहेत आणि मग डायरेक्ट लिफ्ट!"

"प्रत्येक नाण्याचं असं नाही," काका शांतपणे म्हणाले. "साधी गिनी डबीत घातलीस तर सोन्याचा भाव आणि डबीचा खर्च, एवढंच मिळेल. गिन्या पोत्याने आहेत. जे नाणं चांगल्या अवस्थेत सापडत नाही, तिथे एकेक नंबर बोलतो." मग ते हरिदासांकडे वळले. "क्यों हरिदास, मेरा लिखा अब नहीं चलता?"

हरिदास अवघडले. त्यांनी टेबलावरचा रुमाल उगाच सरळ केला. "साहब, आपका लिखा मैं पढ़ता हूँ. पर चेन्नई का ग्राहक फ़ोन पर माल लेता है. वो आपको नहीं जानता, नंबर को जानता है."

परतताना काका मंडी हाउसच्या फुटपाथवर एकदम थांबले आणि म्हणाले, "उत्तरा, आपली मोहर पाठवू."

मी आनंदाने जवळजवळ उडीच मारली. पन्नाशीला आलेली बाई मी, तरी मारली.

"चौदा आणे म्हणजे त्यांचे चौसष्ट," काका म्हणाले. "मी त्यांची पुस्तकं वाचली आहेत, हिशोब जुळतो. चौसष्ट आले तर त्या हरिदासला कळेल की डबी नसतानाही नाणं तेच होतं. आणि एक जरी कमी आला, तर मी पाकीट लिहिणं सोडून देईन. भिंग ठेवून देईन."

"काका, असं काही बोलू नका हो," मी म्हणाले.

"बोललो. पन्नास वर्षं लोक माझ्या लिहिण्यावर नाणी विकतायत. ते खोटं असेल तर मला कळायला नको?"

घरी वैशालीला काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चला, म्हणजे डिंकाचा खर्च तरी वाचेल."

दुसऱ्या रविवारी मी मोहर घेऊन वैशालीला गेले. काकांनी हात धुतले, स्वतःचंच जुनं पाकीट उघडलं, मोहर दिव्याखाली तिरकी केली. "बल्ब बदल गं," ते काकूंना म्हणाले. "ही यूपीची वीज मेली मंद." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि बल्ब बदलला. काकांनी पुन्हा पाहिलं. फार वेळ नाही. पाकिटावरच्या स्वतःच्या पेन्सिलीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तीच आहे. चौदा." चहा ओतताना तो बशीत कमी आणि टेबलावर जास्त सांडला. तेही विजेवरच गेलं.

मोहर पाठवायला एक एजंट होता, तो कायदेशीर कागद करून नाण्यांचा गठ्ठा पाठवायचा. शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. आमची मोहर एकोणनव्वद वर्षांची, त्यामुळे चालणार होती. मी एजंटला इतक्या वेळा विचारलं की शेवटी तो म्हणाला, "मॅडम, लड़की की विदाई हो रही है क्या?"

पुढचे पाच महिने घरात दुसरा विषय नव्हता. देविका कंपनीच्या वेबसाइटवर नंबर घालून बघायची. "पोचली!" मग, "रांगेत आहे!" मग, "ग्रेडिंग चालू!" ही बातमी आली त्या दिवशी मी भाजी जाळली. शशिकांत म्हणाला, "उत्तरा, तू दहावीच्या निकालालासुद्धा एवढी घाबरली नव्हतीस." खरं होतं. देविकाच्या निकालाची मला खात्री होती. इथे एका म्हाताऱ्या माणसाचं भिंग पणाला लागलं होतं आणि तेही आमच्या मोहरेपायी.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोहर परत आली. काका-काकू वैशालीहून आमच्याकडे आले. काकांनीच खोकं उघडायचं असं ठरलं. त्यांनी आधी हात धुतले, डबीत बंद नाण्याला हात लागायचा प्रश्न नव्हता तरीही. मग डबी डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली.

"देविका, वाच."

देविकाने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"बासष्ट," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली, जणू बस चुकल्याचं कोणी सांगितलं. "चांगलं आहे. वाईट नाही. विकून टाका," म्हणाले. देविकाने त्याच संध्याकाळी हरिदासांना फोन केला. बासष्टच्या डबीला ते जो भाव द्यायला तयार झाले, तो काकांच्या चौदा आण्यांच्या पाकिटाला कधीही मिळाला असता त्यापेक्षा बराच जास्त होता. मला आनंद व्हायला हवा होता. काका जिना उतरताना मला एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडे नापास झालेलं नाणं माझ्याकडे पास झालेल्या नाण्यापेक्षा महाग. बघ गंमत."

आठवड्याने काकूंचा फोन आला. भिंग त्यांच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली ठेवलेलं त्यांना सापडलं होतं. रविवारी दोन माणसं नाणी दाखवायला आली, तर काका घरात असून नाहीत म्हणून सांगायला लावलं.

मोहर लगेच विकायची नाही असं सासूबाईंनी ठरवलं. दिवाळी महिन्यावर होती, आणि लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर घरातली लक्ष्मी बाहेर जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. "पूजा होऊ दे, मग घाला कुठे घालायची ती." हरिदासही थांबायला तयार झाले. आम्ही डबी कपाटात ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते. अनारसे तळताना तुपावरची नजर हलवता येत नाही. बाहेर सासूबाई पाटावर पूजेची मांडणी करत होत्या. चांदीची वाटी, पंचामृत, हळदकुंकू. मला कट्ट असा आवाज आला. मला वाटलं सुपारी फोडतायत.

मग देविकाची किंचाळी. "आजी! हे काय केलंस तू!"

मी झारा तसाच हातात घेऊन धावले. पाटासमोर प्लॅस्टिकचे दोन तुकडे पडले होते, त्यांवरची पट्टी दुमडलेली. सासूबाईंच्या उजव्या हातात अडकित्ता होता. डाव्या हातात, पदराच्या टोकात धरलेली, पंचामृताने न्हालेली आमची मोहर.

"लक्ष्मी अशी कोंडून ठेवतात का?" सासूबाई म्हणाल्या. "हळदकुंकू कुठे लावू, त्या डबड्याला? तुझ्या सासऱ्यांच्या वेळी पाकिटातून काढायची, न्हाऊ घालायची, पुसायची आणि परत ठेवायची. एवढी वर्षं कोणाची हरकत नव्हती."

"आजी, ते प्लॅस्टिकच सगळ्यात महाग होतं!"

"मग सोन्याचं काय करायचं ठेवलंय?"

अर्थशास्त्रात एम.ए. केलेली सून झारा हातात घेऊन उभी होती. आणि आत अनारसे काळे होत होते.

मी काकांना फोन लावला. माझं रडणं ऐकून आधी त्यांना वाटलं देविकाला काही झालं. सगळं कळल्यावर ते एकदम वेगळ्याच, जुन्या आवाजात बोलले. "आता कोणीही तिला पुसू नका. हात लावू नका. ओली असेल तर पंख्याखाली ठेवा. फुटलेली डबी आणि मोहर दोन्ही उद्या घेऊन ये."

पाडव्याला सकाळी निघाले. रिक्षावाल्याने गाझीपूरच्या सीमेवर उतरवलं, "यूपी नहीं जाएँगे." पुढे दुसरी रिक्षा. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते.

काका टेबलाशी बसले, पण भिंग घेईनात. "मी ठेवलंय ते. शब्द दिला होता."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"तू बघ. तुझे डोळे तरुण आहेत."

काकूंनी बटणांच्या डब्यातून भिंग काढून माझ्यासमोर आपटलंच. मी आयुष्यात पहिल्यांदा ते डोळ्याला लावलं. काका शेजारून सांगू लागले. कडेने धर. दिव्याकडे तिरकी कर. आता हळू फिरव, उजेड नाण्यावरून वाहिला पाहिजे. राजाचा चेहरा सोड, तिथे फसशील. नाकासमोरची मोकळी जागा बघ.

मी फिरवलं आणि एका क्षणी ती मोकळी जागा उजळली. "काका, रेघा आहेत."

"ओरखडा?"

"नाही. खूप बारीक. केसांसारख्या. कंगव्याने विंचरल्यासारख्या, सगळ्या एकाच दिशेने."

काका खुर्चीत पुढे सरकले. "एकाच दिशेने? नक्की?"

"एकाच. नाकाकडून कडेकडे."

"दे इकडे." शब्द वगैरे विसरून त्यांनी भिंग माझ्या हातातून ओढलं. मोहर तिरकी केली, फिरवली, बल्बजवळ नेली, परत फिरवली. मी बोटाने जागा दाखवली. ते कितीतरी वेळ श्वास रोखून बघत राहिले. मग म्हणाले, "मला दिसत नाही, उत्तरा. मला नुसता सोनेरी धूर दिसतो."

"मोतीबिंदू," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं सांगतेय. वर्तमानपत्र हात लांब करून वाचतात, चहा टेबलाला पाजतात आणि यूपीच्या विजेला शिव्या घालतात. वीज ठीक आहे हो! बाकी सगळ्या सोसायटीला दिसतंय!"

मला वाटलं काका खचतील. ते भिंग हातात धरून बसले होते, ओठ हलत होते, मुद्रितं तपासताना हलायचे तसे. मग अचानक विचारलं, "तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या होत्या? शब्दशः सांग."

"म्हणाल्या, न्हाऊ घालायची, पुसायची आणि परत पाकिटात ठेवायची."

"दर दिवाळीला?"

"दर दिवाळीला. पदराने."

काकांनी टेबलावर थाप मारली. बशी उडाली. "अठ्ठावीस दिवाळ्या! एकोणऐंशीत या रेघा नव्हत्या. मी दोन दिवस बघितली होती ती मोहर, एक रेघ नव्हती! तेव्हा चौदाच होती ती. आणि यांनी आता बासष्ट दिले तेही बरोबर आहेत. अगं, बरोबर आहेत ते! त्यांना तुझ्या सासूबाईंचा पदर दिसला!" ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चूक एकच झाली. मी नाणं बघितलंच नाही. माझं पाकीट वाचलं, आणि पाकिटावर विश्वास ठेवून चौदा म्हणालो. आणि चेन्नईच्या गिऱ्हाइकाला नावं ठेवत होतो मी!"

"आता भिंग परत बटणांत घालू का?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टरला फोन लाव आधी."

डिसेंबरमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, जानेवारीत डाव्या. पट्टी निघाली त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा स्वयंपाकघर पाहिलं आणि म्हणाले, "अगं, या टाइल्स पिवळ्या आहेत?" काकू म्हणाल्या, "पांढऱ्या होत्या. तुम्ही वेळेवर बघितल्या नाहीत."

मधल्या काळात मी देविकाचा फॉर्म भरला, प्रवेशपरीक्षेला तिच्याबरोबर गेले, आणि दर दोन दिवसांनी काकांना फोन करून थेंब घातले का ते विचारलं. मोहर परत अमेरिकेला पाठवावी असं देविकाचं म्हणणं होतं. काका म्हणाले, "पाठवा हवं तर. पण आधी मी बघणार."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी बघितली. हात धुतले, मोहर तिरकी केली आणि श्वास रोखला. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. आता या रेघा त्यांना दिसल्या नाहीत तर? ऑपरेशन करूनही दिसल्या नाहीत तर?

"दिसल्या," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "उत्तरा, सगळ्या दिसतायत. एकेक मोजता येईल. आणि या बघ, या चार जरा जाड आहेत, ताज्या. या यंदाच्या दिवाळीच्या."

त्यांनी जुनं पाकीट उघडून सपाट केलं, चौदा आण्यांवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली, पण रबराने पुसलं नाही. मग नवं पाकीट कापलं. त्यावर लिहिलं: पंधरा रुपये मोहर, मुंबई, १९१८. पावणेबारा आणे. आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली तारीख घातली.

"बासष्टचे बारा का नाहीत?" मी विचारलं.

"पाव आणा तुझ्या सासूबाईंचा."

तिथूनच आम्ही दर्यागंजला गेलो. हरिदासांच्या दुकानात गर्दी नव्हती. काकांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली, वर फुटक्या डबीवरची पट्टी ठेवली, आणि सगळी हकीकत सांगितली. पदर, अडकित्ता, मोतीबिंदू, काहीच लपवलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. फुटलेल्या डबीची पट्टी म्हणजे नुसता कागद. तो कोणत्या नाण्याचा, हे कोण सांगणार? हरिदास मोहर कागदातलीच धरणार आणि भाव निम्म्यावर आणणार, हे मी येताना रिक्षातच पक्कं धरलं होतं.

हरिदासांनी आधी पाकिटं वाचली. रेघ मारलेला चौदाचा आकडा वाचला, मग पावणेबारा. मग मोहर बघितली, बराच वेळ. "आपने अपना ही लिखा काट दिया, साहब?"

"गलत हो गया था. सही था, फिर गलत हो गया."

हरिदासांनी भाव सांगितला. बासष्टच्या डबीला सांगितला होता त्यापेक्षा थोडासाच कमी. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितला. "डिब्बा मैं दोबारा बनवा लूँगा, उसका ख़र्चा काटा है बस. नंबर तो मुझे पता चल गया."

मी लगेच देविकाला फोन केला. ती झोपली होती, कारण आदल्या रात्री ड्यूटी होती. "आई, खरंच?" एवढंच म्हणाली आणि मग दोघी फोनवर हसत राहिलो.

फोन ठेवून वळले तर हरिदास खाली वाकून गल्ल्याखालचा एक पत्र्याचा डबा ओढत होते. त्यांनी झाकण उघडलं. आत काकांची पाकिटं होती, नाण्यांसकट. पन्नास तरी असतील, काही पिवळी पडलेली, काहींचा डिंक सुटलेला. तीस-पस्तीस वर्षांत घराघरांतून हरिदासांकडे आलेली, पुढे न खपलेली.

"इन्हें भी दोबारा देख लीजिए, साहब," हरिदास म्हणाले. "जो आज हैं, वो लिखिए. तारीख़ डालकर."

काकांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, दुकानातल्या नळावर हात धुतले, टेबलाचा दिवा स्वतःकडे ओढला आणि वरचं पहिलं पाकीट उघडलं.

"काका," मी म्हणाले, "दुपारचे थेंब घातलेत का?"

"गप्प गं," ते म्हणाले आणि श्वास रोखला.